दोन पंख्यांचं विमान आणि संत्र्याचा बगीचा

वाचकाचं पत्र, थोडक्यात : लिहिणारा मुलगा २२ वर्षांचा, अमरावती जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. झाला आहे. घरी पाच एकर वावर, त्यातल्या दोन एकरांत ओलिताचा संत्र्याचा बगीचा. धाकटी बहीण दहावीत. त्याला लहानपणापासून विमानांचं वेड, आणि तेही दोन पंख्यांच्या, म्हणजे दोन प्रोपेलरच्या, छोट्या विमानांचं. बेलोऱ्याला, अमरावतीच्या विमानतळावर, मंत्र्यांची किंग एअर ही छोटी विमानं उतरायची तेव्हापासून तो वहीत नोंदी ठेवतो. एप्रिल २०२५ मध्ये मुंबईचं एटीआर, म्हणजे दोन पंख्यांचं मोठं प्रवासी विमान, सुरू झालं आणि वह्या वाढल्या. मावशीकडे गोंदियाला गेला की तिथल्या बिरसी विमानतळाच्या रस्त्यावर तासन्‌तास उभा असतो. वहीतली दोन पानं त्याने पत्रासोबत पाठवली आहेत. हे वेड बघून वडील म्हणाले, "बगीचा काढून टाकू, पण तू पायलट होजो." आणि गावात त्यांनी तसं सांगूनही टाकलं. मुलगा लिहितो : "ताई, मला विमान उडवायचं आहे की नुसतं बघायचं आहे, हेच मला कळत नाही. नाही म्हटलं तर बाबांचं मन मोडेल, आणि माझं वेड खोटं होतं असं सगळे म्हणतील. हो म्हटलं तर बगीचा विकला जाईल. आई काहीच बोलत नाही. मी काय करू?"

वेड खोटं होतं, हे सगळ्यात आधी मनातून काढून टाक. तुमच्या गावात रोज भजनाला येऊन बसणाऱ्या माणसाला कुणी म्हणतं का, की आता खंजेरी शीक, नाहीतर तुझी भक्ती खोटी? विमान बघणं ही विमान उडवण्याची खालची पायरी नाही. जगभर माणसं आयुष्यभर विमानतळांच्या कडेला उभी राहून विमानं बघतात, नोंदी ठेवतात, फोटो काढतात आणि घरी जाऊन आपापली कामं करतात. त्यांना त्याबद्दल कुणाला खुलासा द्यावा लागत नाही. तुलाही द्यायचा नाहीये.

तुझ्या वहीची पानं मी फार मन लावून वाचली. मलाही ही पंख्याची विमानं आवडतात, म्हणून आधी त्यांच्याबद्दलच बोलू. तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या पानांतच आहे.

गोंदियाच्या पानावर तू दोन इंजिनांच्या एका छोट्या पांढऱ्या विमानाला टर्बोप्रॉप म्हटलं आहेस. ते बहुधा डायमंड डीए-४२ असावं. बिरसीच्या उड्डाण प्रशिक्षण संस्थेत मुलं दोन इंजिनं त्याच विमानावर शिकतात. ते टर्बोप्रॉप नव्हे. त्याची इंजिनं पिस्टनची आहेत, डिझेलची, मुळात मर्सिडीज मोटारीच्या इंजिनावरून घडवलेली. गोंधळ होणं साहजिक आहे, कारण ती जेट विमानाच्याच इंधनावर चालतात. टर्बोप्रॉपमध्ये पंख्यामागे जेटच्या जातीचं इंजिन असतं. आत टर्बाइन फिरतं आणि त्याची ताकद गिअरबॉक्समधून पंख्याला मिळते. कानाने ओळखायचं तर पिस्टनचा आवाज धडधडता असतो, टर्बाइनचा शिट्टीसारखा चढत जाणारा. पुढच्या वेळी डोळे मिटून ऐक.

आणखी एक खूण सांगते, तुझ्या वहीत तिच्यासाठी रकाना नाही. विमान उभं असताना पंख्याची पाती बघ. किंग एअर बंद करून उभं केलं की पाती धार पुढे करून उभी राहतात, समोरून बघितलं तर अगदी पातळ दिसतात. वैमानिक याला फेदर म्हणतात. त्या विमानाच्या पीटी-सिक्स इंजिनात पंखा फिरवणारं टर्बाइन वेगळं असतं, आणि इंजिन बंद होऊन तेलाचा दाब गेला की पाती आपोआप तिकडे वळतात. डॉर्निअर २२८ कधी दिसलं तर उलटं दिसेल. हे १९ आसनांचं विमान आपल्याकडे कानपूरला एचएएल या सरकारी विमान कारखान्यात बनतं, नौदल आणि तटरक्षक दलाकडे आहे, १९८०च्या दशकात वायुदूत ही सरकारी विमान कंपनीही ते उडवत असे. त्याच्या गॅरेट इंजिनात पंखा थेट इंजिनाच्या शाफ्टला जोडलेला असतो. पाती फेदरमध्ये असताना सुरू करायला गेलं तर हवेचा अडथळा फार होतो, म्हणून बंद करतानाच ती सपाट कोनात अडकवून ठेवतात. समोरून पात्यांची रुंद बाजू दिसते. म्हणजे इंजिन बंद, माणूस कुणी जवळ नाही, तरी आतलं इंजिन कोणत्या घराण्याचं ते तुला दुरून सांगता येईल.

आणि तुझं ते एटीआर-७२. वर बसवलेला पंख, पोटाच्या फुगवट्यात जाणारी चाकं, प्रत्येक पंख्याला सहा पाती हे तू टिपलंच आहेस. प्रवासी शेपटीकडच्या दाराने का चढतात हे तू विचारलं आहेस. पुढचं दार सामानाचं असतं म्हणून. आणि "उजवं इंजिन चालू होतं पण पंखा थांबलेला होता, माझे डोळे चुकले का?" असं जे लिहिलं आहेस, तर डोळे अजिबात चुकले नाहीत. त्या बाजूच्या पंख्याला ब्रेक आहे. ब्रेक लावून इंजिन तसंच चालू ठेवतात, त्यातून जमिनीवर वीज आणि गार हवा मिळते. याला हॉटेल मोड म्हणतात. लहान विमानतळावर बाहेरची यंत्रसामग्री कमी लागते, म्हणून तिथे हे सोयीचं पडतं. सांगायला कुणी नसताना हे तुझं तुला दिसलं, याचं मला खरंच कौतुक वाटलं.

आता तुझी पानं काय सांगतात ते बघ. प्रत्येक नोंदीत तुला फरक दिसतो. या विमानाची शेपटी टी आकाराची, त्याची साधी. आज वारा फिरला म्हणून विमान धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाने उतरलं. नोंदणी क्रमांकाचं शेवटचं अक्षर बदललं, म्हणजे आज दुसरं विमान पाठवलं. तुझा आनंद वेगवेगळेपणात आहे.

वैमानिकाचं काम बरोबर याच्या उलट असतं. एटीआर उडवणारा माणूस वर्षानुवर्षं फक्त एटीआर उडवतो, कारण त्याला त्याच एका प्रकाराचं टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान उडवण्याची परवानगी, असते. तपासणीची तीच यादी त्याच क्रमाने, तेच शब्द मोठ्याने उच्चारून. दर सहा महिन्यांनी परीक्षा, ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी. दोन इंजिनांचं विमान शिकणं म्हणजे बरंचसं एक इंजिन बंद पडण्याची तयारी करणं असतं. उड्डाण घेतानाच डावं बंद पडलं तर विमान डावीकडे ओढलं जातं. ते पायाने सरळ धरायचं, कोणतं इंजिन गेलं ते घाईने नाही तर पडताळून ठरवायचं, पंखा फेदरला गेला का ते बघायचं. हे सिम्युलेटरमध्ये पुन्हा पुन्हा, कंटाळा येईपर्यंत आणि कंटाळा आल्यावरही.

त्यात आपला विदर्भ. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकदही उतरते. बेलोऱ्याची धावपट्टी १८५० मीटरची. अशा दुपारी किती माणसं, किती सामान, किती इंधन याचा हिशेब काटेकोर करावा लागतो. जेट विमानं पस्तीस हजार फुटांवरून जातात, एटीआर साधारण वीस हजारांच्या आत-बाहेर. म्हणून पावसाळी ढग त्याला वरून ओलांडता येत नाहीत, बाजूने वाट काढावी लागते. मला स्वतःला हे काम फार मोठं वाटतं. पण ते शिस्तीचं आणि पुनरावृत्तीचं काम आहे, आणि ते करताना आपलं विमान बाहेरून कधीच दिसत नाही.

म्हणून "मला विमान आवडतं का" हा प्रश्न सोडून दे, त्याचं उत्तर वह्यांतच आहे. स्वतःला असं विचार : एकच गोष्ट हजारदा, प्रत्येक वेळी पहिल्याइतक्याच काळजीने करण्यात मला समाधान मिळतं का? चुकलो तर कुणीतरी ताबडतोब, सगळ्यांसमोर सांगितलेलं मला चालतं का? बगीच्यात ठिबकच्या नळ्या तपासताना तू कसा वागतोस, तेही आठवून बघ. आणि उत्तर लगेच आलं नाही तरी घाबरू नकोस, कारण ते शोधण्याचा खर्च फार नाही. बगीच्याच्या मानाने तर काहीच नाही.

पहिलं पाऊल वैद्यकीय तपासणीचं. डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, मान्यता दिलेल्या डॉक्टरांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते. आधी दुसऱ्या वर्गाची तपासणी करून घे, मग पहिल्या वर्गाची. व्यावसायिक लायसन्सला पहिल्या वर्गाचीच लागते. चष्मा असला तरी बहुतेक वेळा अडत नाही, पण रंग ओळखण्यातला दोष, कानाचा किंवा हृदयाचा एखादा प्रश्न अडवू शकतो. काही हजारांत हे कळतं. आधी लाखांची फी भरायची आणि मग मेडिकलमध्ये अडकायचं, अशी मुलं असतात. तुला त्यांच्यात बघायचं नाही मला. मेडिकल हातात येईपर्यंत बगीच्याचा विषय घरात निघूच देऊ नकोस.

दुसरं पाऊल लेखी परीक्षांचं. डीजीसीएकडून कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षेसाठीचा नोंदणी क्रमांक, काढ आणि हवामानशास्त्र, नॅव्हिगेशन, हवाई नियम, तांत्रिक असे पेपर घरी बसून अभ्यासाला घे. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात. तुझं भौतिकशास्त्र आणि गणित ताजं आहे, कुठल्या महागड्या शिकवणीत जायची घाई नको. तुझी खरी परीक्षा इथे होईल. हे पेपर वाचताना रात्रीची झोप उडाली तर एक गोष्ट कळली. पुस्तक मिटून परत विमानतळाच्या कुंपणाकडे पाय वळले तर दुसरी कळली. दोन्ही उपयोगाच्याच आहेत.

या काळात एकदा तरी एटीआरमधून प्रवास कर. पत्रात कुठेही तू विमानात बसल्याचं लिहिलेलं नाहीस. तिकीट आधी काढलं तर उडान या सरकारी स्वस्त विमान प्रवास योजनेतली जागा पुष्कळदा परवडते. खिडकीची जागा पंख्याच्या थोडी मागे घे. तिथून चाक पोटातून खाली येऊन धावपट्टीला टेकताना दिसतं.

पैशांचं स्पष्ट बोलते, कारण तुझ्यासारखे बाप-लेक विदर्भात पुष्कळ आहेत. व्यावसायिक लायसन्ससाठी २०० तासांचं उड्डाण लागतं, त्यातले १०० तास स्वतः कमांडमध्ये, म्हणजे विमानाची जबाबदारी आपल्याकडे घेऊन. भारतात याचा खर्च आजच्या घडीला पन्नास लाखांच्या पुढे सहज जातो. त्यावर एटीआर किंवा दुसऱ्या विमानाचं टाइप रेटिंग वेगळं, तेही लाखांतच. आणि लायसन्स हातात आलं म्हणजे नोकरी आली असं नाही, लायसन्स घेऊन वाट बघत बसलेली मुलं आहेत. दोन एकर बगीच्यात हे सगळं बसतं का, हा हिशेब तुझ्या बाबांनी केला असेल असं मला पत्रावरून वाटत नाही. कर्जाचं म्हणशील, तर साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागतात, आणि शेतजमीन तारण घ्यायला सहसा तयार नसतात. त्यामुळे "बगीचा गहाण ठेवू, विकायचा नाही" हा मधला रस्ताही वाटतो तितका मोकळा नाही.

एअर इंडियाची वैमानिक अकादमी बेलोऱ्याला येणार, ३१ एक-इंजिनी आणि ३ दोन-इंजिनी विमानं असणार, ही घोषणा २०२४ मध्ये झाली तेव्हापासून तुमच्या भागात हवा बदलली आहे, हे मला दिसतं. पण अकादमी शेजारी आली म्हणून तिची फी शेजाऱ्याला कमी होत नाही. शिष्यवृत्तीचा रस्ता मात्र नक्की तपास. इतर मागास, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी नागपूरच्या महाज्योतीने वैमानिक प्रशिक्षणाची योजना राबवली आहे. तू त्या प्रवर्गात येत असशील तर त्यांच्या कार्यालयात स्वतः जा, चालू जाहिरात मागून घे. कुणा एजंटाच्या व्हॉट्सॅपवर विसंबू नकोस.

आणि दारं दोनच आहेत, वैमानिक नाहीतर कुंपण, हे तुला कुणी सांगितलं? भौतिकशास्त्र आणि गणितासह बी.एस्सी. ही भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या हवाई वाहतूक नियंत्रकाच्या पदासाठी थेट पात्रता आहे. वयाची मर्यादा २७, सवलती वेगळ्या. तुझ्या हातात पाच वर्षं आहेत. भरती लेखी परीक्षेतून होते, नंतर आवाजाची आणि वैद्यकीय चाचणी. प्रशिक्षणाच्या केंद्रांपैकी एक गोंदियातच आहे, तुझ्या मावशीच्या गावात! नियंत्रकाला दिवसभर वेगवेगळी विमानं हाताळायची असतात. पुढे किंग एअर, मागून एटीआर, त्यामागे जेट, कुणाला किती अंतर द्यायचं हे त्या विमानाचा स्वभाव ओळखूनच ठरतं. तुझ्या वह्या वाचताना मला सारखं हे काम आठवत होतं, आणि ते मी लपवून ठेवणार नाही. हाताने काम करायला आवडत असेल तर विमान दुरुस्तीच्या अभियंत्याचं लायसन्सही आहे. नागपूरच्या मिहानमध्ये त्याचे मोठे हँगर आहेत. त्याचा खर्च वैमानिकाच्या तुलनेत बराच कमी, पण त्यातही संस्था डीजीसीएमान्य आहे ना ते आधी बघायचं.

कुंपणाचं थोडक्यात, कारण सुरक्षारक्षकाने एकदा हटकल्याचं तू लिहिलं आहेस, आणि असं अनेकांचं होतं. रस्त्यावरून, गावाच्या हद्दीतून बघायचं. कुंपणाला टेकायचं नाही, वर चढायचं नाही. आधी जाऊन विमानतळाच्या कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात नाव, गाव, वही दाखवून ओळख करून द्यायची. फोटो काढायचे तर परवानगी विचारून, आणि वायुसेनेचा तळ असलेल्या ठिकाणी, म्हणजे नागपूरला सोनेगावला, कॅमेरा बाहेरच काढायचा नाही. ड्रोन तर कुठेच नाही. आणि विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा किंवा कापलेल्या जनावरांचा टाकाऊ भाग टाकायला कायद्याने बंदी आहे, त्यावर घारी येतात आणि विमानाला धडकतात. हे तू तुझ्या ग्रामपंचायतीत सांगू शकतोस. विमानं बघणाऱ्या पोराचा गावाला असाही उपयोग आहे.

आता घर. बाबांनी "बगीचा काढून टाकू" म्हटलं, ते तू तुझ्यासाठी म्हटलं असं धरून चालला आहेस. मला शंका आहे. फळगळ, पाणी, व्यापाऱ्याने पाडलेला भाव या सगळ्याने माणूस थकतो, आणि पोराने यातून सुटावं असं त्याला मनापासून वाटतं. कदाचित त्यांना तू पायलट व्हावंस यापेक्षा तू संत्री विकत बसू नयेस हे जास्त हवं असेल. तसं असेल तर नियंत्रकाची नोकरीही त्यांच्या मनासारखीच ठरेल. म्हणून त्यांना "मला पायलट व्हायचं नाही" असं आज सांगू नकोस, कारण ते खरं आहे की नाही हे अजून तुलाच माहीत नाही. "बाबा, मला एक वर्ष द्या. मेडिकल आणि पेपर मी स्वतः करतो, तोवर बगीच्याला हात लावायचा नाही," एवढंच म्हण. संध्याकाळी, ते वावरातून आल्यावर, चार माणसांत नाही. गावात त्यांनी सांगून टाकलं आहे, त्यामुळे त्यांना लोकांना द्यायला एक उत्तर लागेल. "पोरगा परीक्षा देऊन राहिला" हे उत्तर त्यांना पुरेल, आणि ते खरंही असेल.

आई गप्प आहे, असं लिहून तू पुढे गेलास. तिला विचार. बहिणीचं तर पत्रात एकच वाक्य आहे. वावर वडिलोपार्जित असेल तर त्यात तिचाही तुझ्याइतकाच हक्क आहे, २००५ च्या कायद्याने. तीन वर्षांनी तिला काय शिकायचं असेल, हे आज कुणी विचारलं आहे का? बगीचा विकायचा की ठेवायचा, ही गोष्ट तू आणि बाबा दोघांनीच ठरवायची नाही. चौघांनी बसा, सातबारा समोर ठेवा, खर्चाचा कागद तू तयार करून आण. आणि मेडिकलचा निकाल लागला की मला कळव, मग पुढचं त्याप्रमाणे बोलू.